पाच भाग साल, पण कोणती? कुंडीतल्या टोमॅटोचं एक प्रकरण

ताईचा फोन आला तेव्हा रोपं लावून तेवीस दिवस झाले होते. "अरे, तीन कुंड्या हिरव्यागार आहेत आणि तीन पिवळ्या. एकाच दिवशी लावलेल्या, एकाच ट्रेमधली रोपं. काय कालवलंयस तू त्यात?"

प्रश्न रास्त होता, कारण कालवलं मीच होतं. प्रत्येकी २५ लिटरच्या सहा कुंड्या, उघड्या गच्चीवर एका रांगेत. जात एकच, ऊन तेच, पाणी तेच, खतही तेच. फरक होता तो मिश्रणातल्या सालीचा. पहिल्या तीन कुंड्यांत एका पोत्यातली झाडाची साल गेली होती, उरलेल्या तिन्हींत दुसऱ्या. हा काही मी मांडलेला प्रयोग नव्हता. पहिलं पोतं संपलं म्हणून दुसरं फोडलं, इतकंच. पण त्यामुळे तुलना आयती हाती आली. शिवाय शेवटी असं निघालं की दोन्ही साली चुकल्या होत्या, फक्त उलट्या दिशांनी.

आधीच्या हंगामात काय झालं होतं

त्याच कुंड्यांत त्याआधी बागेतली माती, कंपोस्ट आणि वाळू समसमान घातली होती. पहिला महिना रोपं जोमात होती. मग पावसाची झड लागली आणि भर दुपारी नाही, सकाळीच पानं माना टाकायला लागली. ताईला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून तिनं उघडीप मिळताच आणखी घातलं. शेवटी एक रोप उपटून पाहिलं. मुळं तपकिरी, लिबलिबीत. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं तर वरचं आवरण मोज्यासारखं निघून हातात आलं आणि आत दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरला. मूळसडीची ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही.

कुंड्यांना भोकं होती आणि ती मोकळी होती. तरीही तळाशी चिखल. याचं कारण समजून घ्यायला भांडी घासायचा स्पंज पुरतो. तो पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. ठिबकणं पूर्ण थांबू द्या. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. पाणी आत होतंच, पण आडव्या स्पंजाची उंची इतकी कमी की ते खाली ओढून काढण्याइतका जोर गुरुत्वाकर्षणाला मिळत नव्हता. कुंडीच्या तळाशीही असाच एक ओलागच्च थर कायम राहतो. त्याची जाडी कुंडी केवढी यावर ठरत नाही, मिश्रणाचे कण केवढे यावर ठरते. कण बारीक तर थर जाड, आणि त्या थरात हवा नाही म्हणून मुळं गुदमरतात. तळाशी खडे किंवा खापऱ्या घातल्यानं तो थर जात नाही, उलट तेवढाच वर सरकतो. जमिनीत हीच माती चालते, कारण तिथं खाली आणखी माती असते आणि पाणी खेचलं जातं. कुंडीत खाली आहे हवा.

म्हणून भरड मिश्रण हवं, आणि ते पूर्ण हंगामभर भरडच राहायला हवं. नुसत्या कोकोपीटच्या किंवा कंपोस्टच्या कुंडीची हीच तक्रार असते: पहिले काही आठवडे छान, मग सगळं दबून घट्ट. सालीचं महत्त्व इथं आहे. झाडाची साल हे झाडाचं बाहेरचं चिलखत. त्यात झाडाला कडकपणा देणारं लिग्निन भरपूर आणि सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो, आणि या दोन्हींना जिवाणू-बुरशी सहजी दाद देत नाहीत. बाटलीचं बूच घ्या. ते ओक वर्गातल्या एका झाडाची सालच असतं, आणि लॅटिनमधल्या बुचाच्या शब्दावरूनच सुबेरिनला नाव मिळालं. वर्षानुवर्षं ओल्या बाटलीत ते कुजत नाही, ते यामुळे.

पूर्वी लाकूड गिरण्यांमध्ये साल म्हणजे अडगळ होती, जाळून टाकायची वस्तू. रोपवाटिकांनी ती कुंडीत वापरायला घेतली, आणि पुढे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतले वनस्पतिरोगतज्ज्ञ हॅरी हॉइटिंक यांनी १९७० च्या दशकापासून दाखवून दिलं की नीट कुजवलेल्या सालीच्या मिश्रणात मूळसड करणाऱ्या पिथियम आणि फायटोफ्थोरा यांना आळा बसतो. गेल्या वर्षीची मुळं डोळ्यांसमोर होती, त्यामुळे मला एवढं पुरेसं होतं.

कृती सोपी, शब्द फसवा

घरगुती मिश्रणाची सर्वांत फिरलेली कृती अशी: पाच भाग पाइनच्या सालीचा भरडा, एक भाग पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुसा) किंवा कोकोपीट, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे), आणि आंबटपणा मारायला डोलोमाइट चुना. वाचायला अर्धं मिनिट लागतं. पण या सात भागांतले पाच भाग ज्या एका शब्दावर उभे आहेत, तो 'साल' शब्द पोत्यापोत्यागणिक वेगळा अर्थ घेऊन येतो.

माझ्यापुढे पर्याय पाच होते.

लाल रंग दिलेली साल सगळ्यात आधी बाद केली. रंगाची मला भीती नव्हती, तो बहुधा लोहाचा ऑक्साइड असतो. पण रंग द्यावा लागतो तो फिकट लाकडाला, सालीचा रंग आधीच गडद असतो. एक ढलपी मोडून पाहिली तर आत पांढरं लाकूड, आणि ते कुठल्या जुन्या फळ्यांचं, त्यावर आधी कसली फवारणी झालेली, देव जाणे.

ऑर्किडसाठी मिळणारी साल बघितल्या बघितल्या आवडली. एकसारखे तुकडे, स्वच्छ, लाकडाचा मागमूस नाही. पण मला सव्वाशे लिटर हवी होती आणि ती मिळते मुठीएवढ्या पुड्यांत. हट्ट सोडला.

फुकटातला पर्याय म्हणजे एका ठिकाणी झाडं तोडून साल काढून टाकल्याचा ढीग. हात घातला तर आत गरम, आणि वास व्हिनेगरचा. उंच, ओल्या, दाबलेल्या ढिगात हवा पोचत नाही, आणि मग आत सेंद्रिय आम्लं तयार होतात. अशा आंबलेल्या सालीचा सामू, म्हणजे पीएच, ३ किंवा त्याच्याही खाली जाऊ शकतो आणि कोवळी रोपं एका रात्रीत करपतात. पसरून, वारा देऊन, धुऊन ती सुधारते म्हणा. पण दुसरी अडचण सुधारण्यासारखी नव्हती: झाडं कुठली होती हे कुणालाच सांगता येईना. त्यात अक्रोड निघाला तर संपलंच. काळ्या अक्रोडाच्या सालीत, मुळांत, पानांत जुग्लोन नावाचं द्रव्य असतं आणि त्यानं मरणाऱ्या झाडांच्या यादीत टोमॅटो अगदी वर आहे. माहीत नसलेल्या झाडाची साल टोमॅटोच्या कुंडीत घालायची नाही, हा नियम मी तिथंच उभ्या उभ्या केला.

राहिली दोन पोती. एकावर लिहिलं होतं 'बारीक साल'. गडद, ओलसर, मातीसारखा वास, तुकडे नखाएवढे. दुसऱ्यात पाइनच्या मोठ्या ढलप्या, दोन ते पाच सेंटीमीटरच्या, बागेत झाडाबुडी पसरायला देतात तशा. मला पहिलं पोतं तयार वाटलं आणि दुसरं कष्टाचं. पहिल्यातून तीन कुंड्या झाल्या. मग नाइलाजानं दुसऱ्यातल्या ढलप्या गोणपाटावर पसरून लाकडी ठोकळ्यानं फोडल्या, १० मिलिमीटरच्या चाळणीतून काढल्या आणि वरचे मोठे तुकडे पुन्हा फोडले. खाली पडलेला माल ३ मिलिमीटरच्या चाळणीवर घेतला आणि त्यातून गळलेली सगळी धूळ फेकून दिली. धूळ निचरा बंद करते, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की दुसरा विचारच आला नाही. चांगली दोन घमेली भरून धूळ होती ती.

मोजमापाची एक गंमत. सहा कुंड्यांसाठी १२५ लिटर साल, २५ कोकोपीट, २५ परलाइट, म्हणजे १७५ लिटर जिन्नस लागले आणि मिश्रण झालं जेमतेम १५०. कुठं सांडलं नाही. बारीक कण मोठ्यांच्या फटीत जाऊन बसतात, म्हणून पाच अधिक एक अधिक एक बरोबर साधारण सहा. मिश्रण कमी पडलं की लोक आयत्या वेळी माती घालून कुंडी भरतात आणि सगळ्यावर बोळा फिरवतात, म्हणून सांगितलं.

चुना लिटरमागे ३ ग्रॅम, म्हणजे कुंडीला ७५ ग्रॅम, घातला. पाइनच्या सालीचा सामू ४ ते ५ च्या आसपास असतो, टोमॅटोला अशा बिनमातीच्या मिश्रणात ५.५ ते ६.५ मानवतो. हा चुना म्हणजे शेतीसाठी दळलेला डोलोमाइटचा दगड. भिंतीला लावायचा चुना नव्हे, त्यानं मुळं भाजतात. मिश्रण ओलवून दहा दिवस झाकून ठेवलं, कारण चुन्याला काम करायला ओल आणि वेळ दोन्ही लागतात.

ओलवताना पाइनच्या सालीनं चांगलाच घाम काढला. कोरडी साल पाणी घेतच नाही. झारीनं वरून ओतलं ते कडेकडेनं घसरून खालून स्वच्छ बाहेर आलं, मधला भाग जसाच्या तसा कोरडा. अक्षरशः पालथ्या घड्यावर पाणी. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब घालून, थोडं थोडं शिंपडत, हातानं खालीवर करत रात्रभर मुरू दिलं. सकाळी मूठ दाबली तर लाडवासारखी वळत होती आणि बोटांतून पाणी निथळत नव्हतं. एवढी ओल बरोबर.

पिवळ्या कुंड्या

फोननंतर गेलो तेव्हा आधी पानं पाहिली. पिवळेपणा खालून सुरू झालेला होता आणि अख्ख्या पानावर सारखा होता, शिरांसकट. शेंड्याची पानं फिकट पण धड. एवढ्यावरून बरंच काही बाजूला काढता येतं. लोह कमी असतं तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या असत्या. मॅग्नेशियम कमी असतं तर खालची पानं पिवळी खरी, पण तिथंही शिरा हिरव्या. मुळं गुदमरली असती तर पानं मलूल दिसली असती. ही ताठ होती. सामूची पट्टी बुडवून पाहिली तर ६ च्या जवळ. उरला नत्र. नत्र कमी पडला की झाड तो जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालून पिवळं पडत जातं.

पण खत तर सहाही कुंड्यांना एकाच मापानं दिलं होतं. मग या तिघींचा नत्र गेला कुठं?

पोत्याच्या तळाशी अजून चार मुठी साल उरली होती. ती वर्तमानपत्रावर ओतली आणि एकेक तुकडा वेगळा करत शंभर मोजले. ताई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "हे काय, मणी ओवतोयस?" सालीचा तुकडा ओळखायला सोपा असतो: गडद तपकिरी किंवा तांबूस, पापुद्र्यांचा, वाकवला की कट्कन तुटतो, तुटलेल्या जागी धागे नसतात. लाकडाचा तुकडा लांबट, टोकाला कुसळासारखा, वाकवला की चिवटपणे वाकतो आणि उभा चिरतो. ओलं आणि गडद झालं की दोन्ही एकसारखे दिसतात, इथंच मी फसलो होतो. नखानं खरवडल्यावर खरं दिसलं. शंभरातले ३८ तुकडे लाकूड होते. आणि उरलेली साल पाइनची नव्हती. तिला गुळगुळीत आतली बाजू आणि ताग सोलावा तसे धागे होते, म्हणजे रुंद पानांच्या कुठल्यातरी झाडाची.

आता नत्राचा हिशेब. लाकडात सेल्युलोज भरपूर असतं आणि ते जिवाणू-बुरशीचं आवडतं खाद्य. पण नुसत्या कार्बनवर त्यांचं भागत नाही. साधारण २५ ते ३० भाग कार्बन खायचा तर त्यांना एक भाग नत्र लागतो, आणि लाकडात एका भागाला कार्बन कित्येक शे भाग असतो. मग कमी पडणारा नत्र ते आजूबाजूच्या पाण्यातून उचलतात. आम्ही घातलेलं खत मुळांपर्यंत पोचायच्या आधीच संपत होतं. पाइनच्या सालीतही कार्बनचं प्रमाण चढंच असतं, पण तो लिग्निन आणि सुबेरिनमध्ये कुलूपबंद असतो, त्यामुळे खाणारे हळू खातात आणि नत्राची ओढ कमी राहते. रुंदपानी झाडांची साल या दोहोंच्या मध्ये: पाइनपेक्षा लवकर कुजते, म्हणून ती आधी नत्र घालून नीट कुजवून घ्यावी लागते. शिवाय कुजताना तिचा सामू चढतो, तेव्हा तिच्यात पाइनच्या हिशेबानं चुना घालायचा नसतो. मी घातला होता. कोकोपीट होतं म्हणून किंवा नशीब म्हणून, सामू बिघडला नाही.

रोपं काढून मिश्रण बदलायचं का, यावर आम्ही दोघं थोडं भांडलो. ताईचं म्हणणं, "मुळं आत्ता कुठं धरलीत, हलवू नकोस." तिचंच ऐकलं. दर पाण्याला पातळ खत सुरू केलं, नायट्रेट रूपातला नत्र जास्त असलेलं. युरिया किंवा अमोनियम मुद्दाम टाळलं, कारण अमोनियम जास्त झालं की झाडाला कॅल्शियम घेताना अडचण येते आणि टोमॅटोला ते परवडत नाही. दहाएक दिवसांत नवीन पानं हिरवी यायला लागली. जुनी पिवळी पानं तशीच राहिली, ती काढून टाकली. या कुंड्यांना हंगामभर इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेळा खत लागलं, आणि शेवटी मिश्रण चार बोटं खाली बसलं होतं. लाकूड खाल्लं गेलं, जागा रिकामी झाली.

हिरव्या कुंड्यांचा हिशेब

मी मनात ठरवून टाकलं होतं की पाइनच्या कुंड्या जिंकल्या. मग उन्हाचा तडाखा वाढला. सकाळी पाणी घातलेल्या त्या तीन कुंड्या दुपारी दोनलाच माना टाकायच्या. ताई सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला लागली. एकदा ती दोन दिवस बाहेर गेली आणि शेजारच्यांनी दिवसातून एकदाच पाणी घातलं. त्यानंतरच्या आठवड्यात पहिल्या घोसातल्या फळांच्या बुडाशी पाणीदार डाग दिसले. पुढं ते तपकिरी, चपटे, चामड्यासारखे झाले. चार नंबरच्या कुंडीत सात फळांपैकी पाचांना. गंमत अशी की पिवळ्या पडलेल्या तीन कुंड्यांत असं एकही फळ नव्हतं.

"कॅल्शियम कमी आहे ना? घालू का आणखी?"

"चुना आधीच घातलाय गं. कॅल्शियम आहे, ते वाहून न्यायला पाणी नाही."

कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच चढतं. पानं खूप पाणी उडवतात, त्यामुळे प्रवाह तिकडं जातो; फळातून बाष्प जवळजवळ जातच नाही, म्हणून फळाचा वाटा आधीच थोडा. मिश्रण एकदा कडक सुकलं की तो वाटाही तुटतो, आणि फळ धरल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तो तुटला तर बुडाच्या पेशी कोसळतात. डाग दिसतो तेव्हा चूक होऊन बरेच दिवस झालेले असतात. पानांवर कॅल्शियम फवारूनही फारसं साधत नाही, कारण ते पानातून फळाकडे उतरत नाही.

मग ज्या चाचणीनं सुरुवात करायला हवी होती ती शेवटी केली. एक लिटरचा डबा घेतला, तळाला भोकं पाडून बाहेरून चिकटपट्टी लावली. मिश्रण भरून दोनदा आपटलं. मग हळूहळू पाणी ओतत गेलो, वर चकाकी दिसेपर्यंत; थोडा वेळ थांबून खाली गेलं तेवढं पुन्हा ओतलं. पट्टी काढून गळलेलं सगळं पाणी मापात धरलं. जेवढे मिलिलिटर गळलं तेवढी जागा आता हवेची. १०० मिलिलिटर म्हणजे दहा टक्के. कुंडीच्या मिश्रणात निचऱ्यानंतर १० ते ३० टक्के हवा असावी, असा रोपवाटिकांचा सर्वसाधारण दंडक आहे. डबा मात्र दर वेळी तोच हवा. डबा बुटका झाला की तळाच्या ओल्या थराचा वाटा वाढतो आणि आकडा पडतो.

गेल्या वर्षीच्या मातीच्या मिश्रणातून गळलं ४० मिलिलिटर. म्हणजे चार टक्के हवा. त्या मुळांचं काय झालं ते वर आलंच आहे. पिवळ्या कुंड्यांच्या मिश्रणातून १३०. हवेच्या बाबतीत ते ठीकच होतं, दोष त्याच्या पोटात होता. माझ्या लाडक्या पाइनच्या मिश्रणातून गळलं ३६०. निचरा इतका उत्तम की थांबायला पाणीच नाही.

आणि मग ती दोन घमेली धूळ आठवली. रोपवाटिकांसाठी साल दळतात तेव्हा तिचा सत्तर-ऐंशी टक्के भाग अर्धा-पाऊण मिलिमीटर ते साडेनऊ मिलिमीटर या मापात असावा आणि उरलेला वीस-तीस टक्के त्याहूनही बारीक, अशी जुनी शिफारस आहे. ती धूळ निचरा बंद करायला नसते. मोठ्या तुकड्यांमधल्या पोकळीत ओल धरून ठेवायचं काम तिचं. ती शंभर टक्के असली तर चिखल आणि शून्य टक्के असली तर चाळण. मी मेहनत करून, चाळणी मारून, नेमका तोच भाग काढून टाकला होता. माझ्या मिश्रणात पाणी धरायला फक्त एक भाग कोकोपीट उरलं होतं.

चालू हंगामात फार काही करता येण्यासारखं नव्हतं. वरून बारीक भर घालावी असं ताईनं सुचवलं, पण बारीक थर भरड थरावर बसला की पाणी त्या वरच्या थरातच अडकतं आणि खालचं आणखी सुकतं. त्याऐवजी वर फोडायच्या राहिलेल्या मोठ्या ढलप्यांचं तीन बोटं आच्छादन केलं, पाणी दिवसातून तीनदा थोडं थोडं केलं, आणि कुंड्या थोड्या मागं, दुपारी भिंतीची सावली पडेल अशा सरकवल्या. दुसऱ्या घोसात डाग एकदोन फळांपुरते राहिले, तिसऱ्यात दिसले नाहीत.

हंगाम संपल्यावर कुंड्या उलट्या केल्या. पाच नंबरच्या कुंडीतून निघालेला मुळांचा गोळा पाहण्यासारखा होता: पांढरी मुळं अगदी तळापर्यंत, सालीच्या तुकड्यांना बिलगून, काही तर तुकड्यांच्या पापुद्र्यांमधून आरपार गेलेली. साल अजून टणक, नखानं तुटत नव्हती. दोन नंबरच्या कुंडीत वरच्या अर्ध्यात मुळं चांगली, खालच्या चार बोटांत काळपट लगदा, आणि त्यात लाकडाच्या कुसळांवर बुरशीचे पांढरे धागे. त्या बुरशीनं रोपाला काही केलं नव्हतं, ती बिचारी लाकूड खात होती. तळ मात्र बसलाच होता. आणखी एक हंगाम ते मिश्रण टिकलं नसतं.

पुढच्या खेपेचं मिश्रण

पाइनची सालच घेतली. ढलप्या फोडून १० मिलिमीटरच्या चाळणीखाली आल्या तेवढ्या सगळ्या घेतल्या, पण ३ मिलिमीटरच्या चाळणीनं भरड आणि बारीक वेगळे काढून मापानं परत एकत्र केले. आधी बारीक एक भाग आणि भरड चार असं घेऊन पाहिलं: डब्यातून गळलं २६०. थंड हवेत तेवढं चाललं असतं. उघड्या गच्चीसाठी मला २०० च्या आसपास हवं होतं, म्हणून परलाइट अर्ध्या भागावर आणलं आणि बारीक दीड भाग केलं. भरड साडेतीन, बारीक दीड, कोकोपीट एक, परलाइट अर्धा. गळलं २१०. इथं थांबलो.

नवं पोतं उघडल्यावर आधी वर्तमानपत्र आणि शंभर तुकडे. त्यात लाकूड निघालं ९. दहा-पंधराच्या वर गेलं असतं तर ते पोतं बागेतल्या वाटेवर पसरायला दिलं असतं. मग मूठभर साल ओली करून झाकणाच्या बरणीत तीन दिवस ठेवली. झाकण उघडल्यावर रानातल्या मातीचा वास आला, व्हिनेगरचा नाही. त्या बरणीतच मुळ्याचे दहा दाणे टाकले. नऊ उगवले आणि त्यांची मुळं सरळ, पांढरी होती.

यंदा फोडणी-चाळणी ताईनं स्वतः केली, मी फक्त मापं धरली. चाळून झाल्यावर जी जास्तीची धूळ उरली ती मी सवयीनं उचलायला गेलो, तर तिनं घमेलं हातातून काढून घेतलं. आता गच्चीच्या कोपऱ्यात एक झाकलेली बादली आहे आणि तिच्यावर खडूनं, मोठ्या अक्षरांत, माझं नाव घालून लिहिलंय: फेकू नये.